दुसरा रकाना

बाबा, माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुमच्यामुळे झाली आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तुम्ही आता रागावणार नाही हे ठाऊक आहे, तरी हे वाक्य लिहून मी एकदा मागं वळून बघितलं. मागं कोणी नाही. मी गाडीत बसलो आहे, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. दुपारचा डबा मांडीवर उघडा आहे आणि पोळी-भाजी तशीच आहे. उद्या सकाळी दहा वाजता मला एका खोलीत जाऊन सांगायचं आहे की मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. तेवढं मी सांगेन, त्याची तयारी झाली आहे. पण त्यानंतर कोणीतरी विचारेल, असं झालं कसं? त्याचं खरं उत्तर द्यायचं तर तुम्ही कोण होतात ते सांगावं लागेल. त्या खोलीत आमचे साहेबही असणार आहेत, आणि गेली तीन वर्षं त्यांच्या लेखी तुम्ही रेल्वेत इन्स्पेक्टर होतात.

पहिल्यापासून सांगतो, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही. मी अमेरिकेत आहे, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड गावात. आमच्या छोट्या कंपनीचे मालक पुण्याचे आहेत. त्यांना मी साहेब म्हणतो, ते मला अरे-तुरे करतात, वयानं फार मोठे नाहीत. ते भारतातून माझ्यासारखे प्रोग्रॅमर आणतात आणि ज्याला गरज असेल त्याच्याकडे कामाला पाठवतात. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीवर आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज त्यांनीच केला आहे, म्हणजे आम्हाला इथं कायमचं राहता येईल की नाही हे बरंचसं त्यांच्या सहीवर आहे. गेले आठ महिने त्यांनी मला जुन्या रेल्वेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका संस्थेत पाठवलं आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या देशात उत्तर आणि दक्षिण असं युद्ध झालं, तेव्हा दक्षिणेकडची ही रेल्वे सैनिक न्यायची, धान्य न्यायची, जखमी परत आणायची. शत्रू आज रूळ उखडायचा, उद्या ते पुन्हा बसवावे लागायचे. ते काम करणाऱ्या माणसांची रजिस्टरं संस्थेकडे आहेत. त्यांचं एक प्रदर्शन होणार आहे, आणि बघायला येणाऱ्याला कॉम्प्युटरवर नाव टाकून माणूस शोधता यावा, एवढं माझं काम. दोन मुली बसून टाइप करतात. कुठला रकाना कुठं, त्याला नाव काय, हे मी ठरवलं.

माझ्यापर्यंत आल्या त्या फोटोकॉपी. मूळ वह्या तळघरातल्या थंड खोलीत असतात. प्रत्येक वहीचं पहिलं पान इतकं जीर्ण की कॉपी करणाऱ्यांनी ते वगळलं होतं, आणि रकान्यांचे मथळे नेमके त्या पानावर. मला मिळाले ते बिनडोक्याचे रकाने. पहिल्यात नुसतं एक नाव: हेन्री, आयझॅक, नेड, सॉलोमन. दुसऱ्यात एक पूर्ण नाव, आडनावासकट. तिसऱ्यात काम: माती ओढणे, लाकूड तोडणे, रूळ बसवणे. चौथ्यात काय दिलं ते: एक कोट, एक जोडी बूट, एक घोंगडी. शेवटी शेरा. मीटिंगमध्ये या माणसांना सगळे 'हँड्स' म्हणत, म्हणजे कामाचे हात. त्याहून जास्त कोणी बोलत नसे. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं मला कळलं आहे.

मला तिथं तुमचं मस्टर दिसलं, बाबा. वर्ध्याच्या अलीकडचं आपलं ते छोटं स्टेशन, सकाळचे सहा वाजले आहेत, टूलरूमच्या दाराशी मुकादम वही पोटाशी धरून उभा आहे. तुम्ही अकरा जण पहारी आणि फावडी घेऊन गिट्टीवर उभे आहात. घरी विसरलेली तंबाखूची डबी द्यायला आईनं मला पाठवलं आहे आणि मी लिंबाखाली थांबलो आहे. मुकादम आडनाव घेत नाही. आधी माणसाचं नाव, मग त्याच्या बापाचं नाव, 'हाजर' ऐकू आलं की पेन्सिलीची एक रेघ. आजोबांना मी कधी बघितलं नव्हतं, पण त्यांचं नाव त्या माणसाच्या तोंडून ऐकू यायचं, त्यामुळे आजोबा मस्टरमध्येच राहतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. एका नावापुढं दुसरं नाव आलं की ते बापाचं, हे माझ्या डोळ्यांत असं मुरलेलं आहे. मुलाचं आडनाव का नाही, तर ते बापाच्या नावात आलंच की. मी दुसऱ्या रकान्याला 'वडील' असं नाव दिलं आणि क्षणभरही थांबलो नाही.

उलट माझा ऊर भरून आला. एका बापाची तर नऊ मुलं लायनीवर होती. जेवताना मी बायकोला म्हणालो, "बघ, इथल्या एका बाबानं नऊच्या नऊ पोरं गँगमध्ये लावली." ती म्हणाली, "नऊ? आणि त्यांची आई काय करत होती बिचारी?" आम्ही हसलो. शेऱ्यात 'आजारी, परत पाठवला' असं असायचं, तेव्हा मला वाटायचं, बरं झालं, पोरगा चार दिवस बापाजवळ राहील. कुठं 'पळाला' असायचं, तेव्हा मे महिन्याच्या उन्हात आपल्या गँगमधून पळालेला तो नवा माणूस आठवायचा. तुम्ही त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन, समजूत काढून त्याला परत आणलं होतं. कोट दिल्याची नोंद आली की मी घरी गेल्यावर हटकून कपाटातला तुमचा, रेल्वेनं दिलेला निळा कोट बघायचो. सगळं बसत होतं. चुकीचं उत्तर इतकं चपखल बसलेलं मी माझ्या नोकरीत दुसरं पाहिलेलं नाही.

आणि ते एकट्या मलाच आवडलं असतं तर भागलं असतं. संस्थेच्या संचालक बाई नव्या आहेत, दुसऱ्या राज्यातून आलेल्या. या माणसांबद्दल भिंतीवर काय लिहायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी माझ्या याद्यांच्या प्रिंट बघितल्या, 'वडील' वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला तो मला अजून दिसतो. प्रदर्शनातल्या सगळ्यात मोठ्या फलकाचा विषय ठरला: बापांनी आपली मुलं रेल्वेला दिली. माहितीपत्रकावर तेच आलं. जाहिरात करणाऱ्या माणसाला आवडलं, येणाऱ्या-जाणाऱ्या सभासदांना आवडलं. खोटं सांगायचं म्हणून त्यातलं कोणी बसलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला गोड लागलं की सांगणाऱ्याला उलट प्रश्न येत नाही, आणि माझा तो एक शब्द सगळ्यांच्याच सोयीचा होता. एकदा संचालक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की तू आम्हाला गोष्ट दिलीस. मी घरी जाऊन श्रीखंड खाल्लं.

सोमवारी माहितीपत्रकं छापून आली. दुपारी रेकॉर्ड रूमच्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या साठीच्या आहेत, काळ्या समाजातल्या, त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणतो. आठ महिन्यांत त्या कधी वर आल्या नव्हत्या. कागद हवा असला की आम्हीच खाली जायचो. त्यांच्या हातात माहितीपत्रक होतं. "खाली चल," एवढंच म्हणाल्या. तळघरात त्यांनी एक वही उशीसारख्या आधारावर ठेवली, दोन्ही हातांनी ती उघडली आणि मी कधीच न बघितलेलं पहिलं पान समोर आलं. कडा भुगा झालेल्या, पण मथळे शाबूत होते. या वर्षासाठी भाड्यानं घेतलेली माणसं. आणि दुसऱ्या रकान्यावर: कोणाकडून.

मी म्हणालो, "कोणाकडून म्हणजे... वडिलांकडून?" हे लिहिताना माझे कान गरम झाले आहेत.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी थट्टा करतो आहे का, हे त्या बघत असाव्यात. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "हनी, तो त्याचा बाप नाही. तो त्याचा मालक आहे." वही बंद करता करता त्या पुन्हा बोलल्या, "काहींचा बाप असेलही. पण हा रकाना त्यासाठी नाही."

बाबा, मग एकेक नोंद उलटी होऊन माझ्या अंगावर आली. नऊ मुलांचा तो बाप म्हणजे नऊ माणसं विकत घेतलेला एक शेतमालक. युद्धावर गेलेल्यांची जागा भरायला रेल्वेला हात हवे होते आणि मालक आपले गुलाम वर्षाच्या कराराने देत होते. माणूस रुळावर, भाडं मालकाच्या घरी. कोट, बूट आणि घोंगडी करारातच असायची, जशी भाड्याच्या बैलाची वैरण ठरवतात तशी. 'आजारी, परत पाठवला' म्हणजे बिघडलेली वस्तू धन्याला परत. आणि 'पळाला' म्हणजे उत्तरेचं सैन्य जवळ आलेलं असताना एक माणूस जिवावर उदार होऊन सुटायला निघाला, आणि मी त्याला उन्हाला कंटाळलेला पोरगा समजून हसलो होतो. ज्या युद्धात त्यांना गुलामच ठेवायचं असं एका बाजूनं ठरवलं होतं, त्या युद्धाचे रूळ त्यांच्याच हातांनी दुरुस्त होत होते. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आपल्या भिंतीवरच्या फोटोतले निळ्या कोटातले बाबासाहेब याच देशात शिकले, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. इथं माणसं विकली जात होती, हेही तुम्हीच सांगितलं होतं, जेवता जेवता, कांदा फोडत. सगळं माहीत असून मी ओळखलं नाही. मला त्या कागदात फक्त माझं घर दिसत होतं.

मी त्यांना सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मला नको. तू लिहिलंस, तू दुरुस्त कर. मी इथं बावीस वर्षं आहे. माझं ऐकून यांनी या वह्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून बाहेर काढल्या, तेवढंच. तू सांगितलंस तर कॉम्प्युटर सांगतोय असं वाटेल, मग ऐकतील." असं म्हणून पहिल्यांदा थोडं हसल्या. मग दाराशी आल्यावर म्हणाल्या, "आणि वडिलांचा रकाना काढून टाकू नकोस. तो राहू दे. रिकामा."

मी साहेबांना फोन केला. ते गाडीत असावेत. "अरे यार, पॅनिक कशाला होतोस? इट्स जस्ट अ लेबल. 'फादर' काढ, 'रेफरन्स' टाक आणि डिलिव्हर कर. ब्रोशर काय आपण छापलं नाही." मी म्हणालो, हा नुसता लेबलचा प्रश्न नाही, भिंतीवर खोटं लागणार आहे. वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, "ठीक आहे, मीटिंग ठेवू, मी पण येतो. पण रूट कॉज विचारतील हं. आठ महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, ते नीट एक्सप्लेन करायला लागेल. तयारी कर." रूट कॉज म्हणजे चुकीचं मूळ. इथं कुठलीही चूक झाली की ते शोधून एका ओळीत लिहावं लागतं. ती ओळ मी दोन दिवस लिहितो आहे आणि खोडतो आहे. रूट कॉज तुम्ही आहात, बाबा.

इन्स्पेक्टरचं कसं झालं तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला साहेबांच्या घरी गेलो होतो. नवीन होतो. आपलं आडनाव गावावरून आलेलं, त्यावरून काही कळत नाही, आणि ज्यांना कळून घ्यायचं असतं त्यांची त्यामुळे पंचाईत होते. साहेबांच्या आई आलेल्या होत्या. गाव विचारलं, गावात कुठल्या बाजूला घर ते विचारलं, मग वडील काय करायचे. मी म्हणालो, रेल्वेत होते. कोणत्या खात्यात? मी म्हणालो, पर्मनंट वे, म्हणजे लायनीच्या देखभालीत. त्यावर साहेबच आनंदानं म्हणाले, "म्हणजे पी-वे इन्स्पेक्टर! आमचा मामा होता ना सोलापूरला." माझ्या तोंडात तिळाची वडी होती. मी मान हलवली. एवढंच झालं. एका मानेच्या हलण्यानं तुमची बढती झाली, आणि त्यानंतर कुठल्याही घरी गेलो की तुम्ही माझ्या आधी इन्स्पेक्टर होऊन पोचलेले असायचे.

तुम्ही वर्षभर ट्रॉलीमन होतात ते मी विसरलो असेन असं समजू नका. इन्स्पेक्टर ढकलट्रॉलीवर छत्री लावून बसलेला असायचा आणि तुम्ही चौघं मागून ट्रॉली रेटत, अनवाणी, रुळाच्या त्या बोटभर पट्टीवर पळत असायचात. उन्हाळ्यात रूळ तापलेला. घरी आलात की आई तुमचे तळवे परातीतल्या पाण्यात धरायची. त्या ट्रॉलीवर मी तुम्हाला नेऊन बसवलं. छत्रीसकट.

आणि तुम्ही मला आधीच बजावलं होतं. नववीत असताना स्कॉलरशिपचा फॉर्म होता. वडिलांचा व्यवसाय या ओळीवर मी 'रेल्वेत नोकरी' लिहिलं होतं. तुम्ही रात्रशाळेत शिकलेली अक्षरं जोडत जोडत सगळा फॉर्म वाचलात, कारण सही करायच्या आधी वाचायचं हा तुमचा नियम. चुलीवर भाकरी होती, ताटं मांडलेली होती. तुम्ही बोट त्या ओळीवर ठेवलंत. "काहून रे, गँगमन लिवाले हात दुखते?" मी काहीतरी पुटपुटलो. "जे काम माह्या हातानं होते, ते तुह्या हातानं लिवता येत नाही?" तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर मी विसरलो असतो. "जाय, मास्तरकडून दुसरा फॉर्म आण, मंग जेव," म्हणालात. आई म्हणाली, सकाळी जाईल. तुम्ही ऐकलं नाहीत, पण तुम्हीही जेवला नाहीत. मी मास्तरांच्या गावी जाऊन परत येईपर्यंत ती भाकरी ताटात वाळली होती आणि तुम्ही दाराशी बसला होतात. मी कंदिलाजवळ बसून 'गँगमन' लिहिलं. तुम्ही सही केलीत. मग आपण दोघं एका ताटात जेवलो.

नागपूरला कॉलेजला निघालो तेव्हा तुम्ही तो निळा गरम कोट मला दिलात, रेल्वेनं दिलेला. शिंप्याकडून खांदे आवळून आणलेले. पितळी बटणं तुम्ही स्वतः काढून साधी लावली होती. का काढलीत ते मी कधी विचारलं नाही. मी लाजेन असं तुम्हाला वाटलं असेल, हा विचार मला आत्ता, या गाडीत, डबा मांडीवर असताना आला आहे आणि मला जेववत नाही.

उद्या सांगितलं तर काय होईल, असं बायको विचारते. ती नागपूरची, सरळ आहे. "सांगून टाका न. बाबांनी काय चोरी केली होती?" तिचं बरोबर आहे. कदाचित काहीच होणार नाही. साहेब म्हणतील, वा, केवढा स्ट्रगल. मग पुढच्या संक्रांतीचं बोलावणं थोडं उशिरा येईल. अर्जावरची सही एखादा महिना लांबेल, मग आणखी एक. कोणी एक शब्द बोलणार नाही, त्यामुळे मला काही दाखवूनही देता येणार नाही. मला भीती आहे ती याची. आमच्यातली मुलं पार्टीत म्हणतात, आपण काय यार, हायटेक गुलाम, आज या क्लायंटकडे, उद्या त्या. मीही हसत होतो. आता हसवत नाही. माझा पासपोर्ट माझ्या खणात आहे, बायको माझ्या घरात आहे, उद्या राजीनामा दिला तर विमानात बसेन आणि मला शोधायला कोणी कुत्री सोडणार नाही. माझी भीती खरी आहे, पण ती नेड आणि सॉलोमनच्या पंक्तीला बसवायची नाही, एवढं मला कळतं.

पाऊण वाजला. आत जायला हवं.

आज शनिवार आहे. आमच्या इमारतीखाली कपडे धुवायची मशिनं आहेत, तिथं बसून पुढचं लिहितो आहे. मशीन फिरायला लागलं की मला बरं वाटतं.

मीटिंग झाली. संचालक बाई, जाहिरातवाला, साहेब, मी. मी रेकॉर्ड रूमच्या मावशींनाही बोलावलं होतं, त्या मूळ वही घेऊन आल्या आणि काही न बोलता तिचं पहिलं पान उघडून बसल्या. मी सांगितलं. इंग्रजीत पाठ केलं होतं, तसंच्या तसं. हे वडील नाहीत, हे मालक आहेत. ही माणसं गुलाम होती, त्यांना युद्धाच्या काळात रेल्वेला भाड्यानं दिलं होतं, आणि फलकावर लिहिलेलं खोटं आहे आणि ते माझ्यामुळे आहे. संचालक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जाहिरातवाला म्हणाला, उद्घाटन तोंडावर आलं आहे, 'कुटुंब' असा शब्द मोघम ठेवता येईल का? मला बोलायचं होतं, पण माझ्या आधी मावशी बोलल्या. "मोघम तर ते शंभर वर्षं आहेच." संचालक बाई त्या पानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, फलक उतरवा, पत्रकं थांबवा. ते झालं, बाबा. दुसऱ्या रकान्यावर आता 'मालक' असं आहे. त्याच्या शेजारी 'वडील' हा रकाना आहे आणि तो सगळ्यांचा रिकामा आहे, खालपर्यंत, पानामागून पान. त्यांचं जे काही आहे ते आहे, पण निदान खोटं नाही.

आणि मग संचालक बाईंनी विचारलंच. रागावून नाही, अगदी मऊ आवाजात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुला वडील का वाटले?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब पेन फिरवत होते. मावशींनी वहीवरून हात काढून मांडीवर घेतले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि त्यांच्या हजेरीच्या वहीत असंच लिहीत. इंग्रजीत ते फार छोटं वाक्य होतं. मी म्हणालो, "आमच्याकडे नावापुढं वडिलांचं नाव लावायची पद्धत आहे." बाई म्हणाल्या, किती सुंदर पद्धत. जाहिरातवाल्यानं ते टिपून घेतलं. मावशींनी मात्र माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी तळघरात बघितलं होतं तसंच, आणि वही बंद केली.

साहेबांनी मला घरी सोडलं. नोकरीला काही झालं नाही, उलट क्लायंट खूश आहे म्हणाले, सोमवारी ते अर्जाचे कागद वकिलाकडे पाठवणार आहेत. मला हलकं वाटायला हवं होतं. शाळेजवळच्या मोठ्या सिग्नलला गाडी थांबली. ते म्हणाले, "मानलं यार तुला. पण एक आहे, तुझे फादर इन्स्पेक्टर होते ना, घरात रजिस्टर-बिजिस्टर बघितलेली असणार, म्हणून तुला एवढं स्ट्राइक झालं. बरोबर ना?"

त्या माणसांचा रकाना रिकामा आहे, कारण त्यांना बापाचं नाव कोणी विचारलं नाही. मला विचारलं होतं, एका दिवसात दोनदा.

मशीन थांबलं आहे, कपडे काढायला हवेत. हा कागद कोटाच्या आतल्या खिशात जाईल, तिथं तुमची तंबाखूची डबीही आहे. तुम्ही सही करायच्या आधी सगळं वाचायचात, म्हणून शेवटची ओळही लिहितो. मी 'हो' म्हणालो, बाबा. सिग्नल अजून बराच वेळ लाल होता.